लोअर आर्म बुश, लिंक रॉड, टाय रॉड एंड: ११ महिने आणि एका पावसाळ्यानंतर

गाडी पेट्रोल हॅचबॅक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात), मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा, पीळ खाणारा आडवा दांडा), इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग. पुढच्या सस्पेन्शनचं काम केलं तेव्हा ७८,००० किमी झाले होते, आता ९१,०००. बदललं ते असं: दोन्ही लोअर आर्मचे (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा हात) पुढचे-मागचे बुश (सांध्यातलं रबर), स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी कलू न देणारा, दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा) सस्पेन्शनला जोडणारे दोन्ही लिंक रॉड, त्या बारला धरणारे डी-बुश आणि डावा टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा). शॉकअब (शॉक ॲब्सॉर्बर) गळत नव्हते, जुनेच ठेवले.

निकाल आधी सांगतो. खटखट गेली ती परत आलेली नाही, ब्रेक मारताना गाडी बाजूला सरकायची ते थांबलं, पुढचे टायर सारखे झिजतायत. पण लोअर आर्मचे पुढचे बुश दोनदा घालावे लागले. पहिला जोड तिसऱ्या महिन्यातच फाटला. दुसरा जोडही त्याच पाकिटातल्या मालाचा, आणि तो ८ महिने खड्ड्यांतून चाललाय. फरक फक्त बोल्ट कधी आवळला याचा. हे लिहायचं खरं कारण तेच.

त्याआधी आवाज ओळखण्याबद्दल. "खालून आवाज येतो" एवढंच सांगितलं की बऱ्याच गॅरेजात पहिली नजर शॉकअबवर जाते, आणि खर्च तिथेच फुगतो. साधी कसोटी अशी: स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं सरळ, एकदम चढवा. मग एकच चाक खड्ड्यातून किंवा ओबडधोबड पेव्हर ब्लॉकवरून न्या. पहिल्या वेळी शांत आणि दुसऱ्या वेळी बारीक खडखड, तर लिंक रॉड किंवा डी-बुश. दोन्ही चाकं एकत्र वर गेली की स्टॅबिलायझर बारला पीळ बसत नाही, म्हणून तेव्हा तो बोलत नाही. ब्रेक लावताना किंवा सोडताना एकच जड "धक्" आला तर लोअर आर्मचा मागचा बुश बघा, कारण पुढे-मागे ओढ तोच झेलतो. गाडी उभी असताना स्टेअरिंग वळवलं आणि "टण्ण" वाजलं, तर वरचं स्ट्रट बेअरिंग. कोणाला तरी स्टेअरिंग वळवायला सांगून स्प्रिंगवर हात ठेवा, स्प्रिंग अडकून उडी मारते ती बोटांना लागते.

बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाकामधला गोलाकार सांधा) आणि टाय रॉडसाठी चाक जॅकवर उचला, बॉडीखाली स्टँड लावा. वर-खाली हलवून प्ले (ढिलाई) लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग, डावी-उजवीकडे लागला तर टाय रॉड एंड, रॅक एंड (टाय रॉडचा स्टेअरिंग रॅककडचा सांधा) किंवा पुन्हा बेअरिंगच. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा, प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग. बारीक प्ले डोळ्यांना दिसत नाही. जॉइंटच्या सांध्यावर बोट टेकवून ठेवा, "टिक" बोटाला आधी कळतं.

आता बुश. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं, मध्ये दोन्हींना चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला घट्ट धरली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो नळीभोवती फिरून नव्हे, रबराला पीळ देऊन. गाडी लिफ्टवर असताना चाकं लटकतात. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर या गाडीत जमिनीवर ३८० मिमी आणि लटकल्यावर ४५५ मिमी भरलं. आर्म साधारण ३५० मिमी लांब, म्हणजे १२ अंशांचा फरक. लटकत्या स्थितीत बोल्ट आवळला तर गाडी खाली येताच रबर कायमचं १२ अंश पिळलेलं राहतं, नुसती उभी असतानाही. वर प्रत्येक खड्डा आणखी पीळ देतो. पहिला जोड काढला तेव्हा आतल्या नळीलगत अर्धचंद्रासारखी चीर होती, दोन्ही बुशना एकाच बाजूला. बाकी रबर नवंकोरं, काळंभोर. माल खराब असता तर चिरा बहुधा सगळीकडून पडल्या असत्या.

म्हणून काम सुरू करण्याआधीच, गाडी सपाट जमिनीवर असताना, ते अंतर मोजून लिहून ठेवा. बसवताना बोल्ट हाताने लावून नुसते टेकवा. मग बॉल जॉइंटजवळ आर्मखाली जॅक लावून अंतर पुन्हा ३८० वर आणा आणि तेव्हाच टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळा. गॅरेजात गाडीखाली उतरायचा खड्डा असेल तर उत्तम, गाडी चाकांवर उभी असतानाच खालून आवळता येतं. टॉर्कचा आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या, अंदाजाने इम्पॅक्ट गन नको. मागच्या बुशचा बोल्ट उभा असेल तर हा पीळ त्याला तसा बसत नाही. आडव्या बोल्टच्या बुशना हा नियम पाळलाच पाहिजे. प्रेस करताना आणखी एक: बुशच्या रबरात पोकळ फटी असतात, त्यांची दिशा जुन्या बुशप्रमाणेच ठेवा. जुना काढण्याआधी आर्मवर पेंटने खूण करा. दिशा चुकली तर बुश ब्रेकच्या ओढीला मऊ पडतो. पॉली बुश (रबराऐवजी पॉलियुरेथेनचे) या वापरासाठी घेऊ नयेत असं माझं मत, रस्त्याची थरथर केबिनमध्ये येते आणि कोरडे पडले की करकरतात.

लिंक रॉड सोपं काम, पण नटाबरोबर पिनही फिरते. पिनच्या टोकाला बहुतेक वेळा ॲलन कीची जागा असते, तिथे धरून नट फिरवा. दोन्ही चाकं एकतर जमिनीवर किंवा दोन्ही हवेत ठेवा, एकच उचललं तर बार ताणलेला राहतो आणि पिन भोकात बसत नाही.

टाय रॉड एंड काढताना किती फेरे फिरवले ते मोजा आणि नवा तेवढेच फिरवून बसवा. एक फेरा म्हणजे साधारण सव्वा ते दीड मिलीमीटर, रिमवर त्याचा फरक दुपटीहून जास्त पडतो. फेरे मोजले म्हणजे गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट पोचते, एवढंच. अलाइनमेंट करावंच लागतं. तेही बुश आणि जॉइंट बदलल्यावर. प्ले असताना केलेल्या अलाइनमेंटचे पैसे वाया जातात. टायरवर हात आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं लागलं तर टो (चाकांची पुढची बाजू किती आत किंवा बाहेर वळलेली आहे ते माप) चुकलाय. जागोजागी वाटीसारखे खड्डे असतील तर शॉकअब किंवा बॅलन्सिंग.

पावसाळ्यानंतर एक गोष्ट नव्याने सापडली. उजव्या रॅक बूटला (रॅकच्या टोकावरचं रबरी आवरण) पट्टीखाली केसाएवढी चीर आहे. पाणी-चिखल आत गेला तर रॅक एंड गंजतो आणि मग पूर्ण रॅकच बदलायची पाळी येते. बूट बदलायला टाय रॉड एंड काढावाच लागतो, त्यामुळे उजवा एंड, बूट आणि अलाइनमेंट एकाच फेरीत होईल.