मुंबई–न्यूयॉर्क: थेट विमान की मध्ये थांबा?

आई-बाबांचं तिकीट काढताना बहुतेक जण आधी किलोमीटर बघतात, पण या मार्गावर किलोमीटरचा फरक किरकोळ आहे. मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे 12,500 किमी. दुबईमार्गे 1,930 अधिक 11,000, म्हणजे 12,930. लंडनमार्गे 7,200 अधिक 5,540, म्हणजे 12,740. जास्तीचे चारेकशे किलोमीटर विमान अर्ध्या तासात कापतं. वेळ खातो तो थांबा, आणि दुसऱ्यांदा उतरणं, धावपट्टीकडे रांगेत सरकणं, पुन्हा चढणं.

थेट विमानाला जाताना साधारण 16 तास लागतात. येताना पश्चिमेकडून वाहणारे उंचावरचे वारे पाठीशी असतात, म्हणून तास-दीड तास वाचतो. मात्र एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा भारतीय कंपन्यांची पश्चिमेकडची उड्डाणं लांबली. त्यामुळे तिकीट घेताना त्या तारखेची वेळच बघा, जुनी नको.

दुबईमार्गे सव्वातीन तास, मग 14 तास, मध्ये तीन तासांचा थांबा धरला तर वीस तासांच्या वर जातं. लंडनमार्गेही तेवढंच, पण तिथे तुकडे साडेनऊ-दहा आणि आठ तासांचे पडतात. गुडघे दुखणाऱ्याला हे सुसह्य. दुबईमार्गे 14 तासांचा सलग तुकडा राहतोच, त्यामुळे पायांना फारसा आराम नाही.

अबुधाबीचा मुद्दा वेगळा. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच होते आणि न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. पण ती रांग थांब्याच्या वेळातच लागते, म्हणून दीड तासाचा थांबा घेऊ नका. तीन तास हवेतच.

थांबा घेतलात तर दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर असू द्या. स्वस्त म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरं तिकीट सहसा बुडतं आणि नवं काढावं लागतं. मुंबईच्या काउंटरवर बॅगेच्या पट्टीवर शेवटचा कोड 'जेएफके' आहे ना, ते वाचून घ्या. लोणचं चेक-इन बॅगेत ठेवा. 100 मिलीपेक्षा मोठी बरणी हातातल्या पिशवीत असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

घड्याळाचाही घोळ होतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. मुंबईहून रात्री दीडला निघालेलं थेट विमान 16 तासांनी पोचतं, तेव्हा तिथे त्याच दिवसाचे सकाळचे आठ, हिवाळ्यात सात वाजलेले असतात.

आई-बाबा एकटेच पहिल्यांदा जात असतील तर आमचं मत थेट विमानाला, भाडं थोडं जास्त पडलं तरी. कडेची सीट आणि व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा. ऐन वेळी व्हीलचेअर मिळेलच असं नाही.