फिटबिट आता घ्यावा का?

मनगटावरच्या यंत्राचं आधी उरकून टाकू, कारण तिथे फारसं भांडण नाही. फिटबिटचा इन्स्पायर ३ हा बँड हलका आहे, झोपेत अडचण करत नाही आणि कंपनीच्या हिशोबाने एका चार्जिंगवर दहा दिवस चालतो. स्क्रीन सतत चालू ठेवली तर तो आकडा विसरा. त्यात जीपीएस नाही, त्यामुळे चालण्याचा नकाशा हवा असेल तर फोन खिशात लागतो. त्यांच्याच चार्ज ६ मध्ये जीपीएस आहे आणि बॅटरी सात दिवसांची सांगतात. मात्र रोज तासभर जीपीएस लावून पळणाऱ्याला ती आठवडाभर पुरणार नाही. पावलं, नाडी, झोपेचे टप्पे यांचा रोजचा कल बघायला दोन्ही बँड पुरेसे आहेत.

पण हा बँड म्हणजे अर्धीच वस्तू. तो मिनिटा-मिनिटाचा तपशील फक्त सात दिवस स्वतःजवळ ठेवतो आणि दिवसाची बेरीज तीस दिवस. बाकी सगळा इतिहास कंपनीच्या सर्व्हरवर. म्हणजे दुकानातून तुम्ही आणता तो पट्टा, आणि पाच वर्षांची पावलं-झोप-नाडी ठेवता दुसऱ्याच्या घरी. त्या घराचं काय चाललंय, हे बघितल्याशिवाय या वस्तूचा रिव्ह्यू पुरा होत नाही.

गुगलने १ नोव्हेंबर २०१९ रोजी सुमारे २.१ अब्ज डॉलरना फिटबिट घेत असल्याचं जाहीर केलं आणि १४ जानेवारी २०२१ ला व्यवहार पुरा केला. त्यानंतरची यादी वाचली की लक्षात येतं, ‘नवं काही येत नाही’ असं जे ऐकू येतं ती खरी तक्रारच नाही. वॉशिंग मशीनला दर वर्षी नवं बटण येत नाही म्हणून कोणी कंपनीवर रुसत नाही. इथे चाललीय ती वजाबाकी.

२०२२ मध्ये वर्सा ४ आणि सेन्स २ ही फिटबिटची घड्याळं आली. आधीच्या वर्सा ३ वर बाहेरची ॲप्स टाकता येत होती, गाणी साठवता येत होती, बोलून काम सांगायला गुगल असिस्टंट होता. नव्यात तिन्ही नाहीत. मालक गुगल आणि असिस्टंट तेवढा ॲमेझॉनचा, ही गंमत अजून कोणी नीट समजावलेली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँडमधल्या नोंदी कॉम्प्युटरवरून खात्यात चढवण्याची (सिंकची) सोय गेली. २७ मार्च २०२३ ला चॅलेंज, म्हणजे ओळखीच्यांशी पावलांच्या शर्यती, बंद झाले: वर्कवीक हसल, वीकेंड वॉरियर, डेली शोडाउन, सगळे. बाहेरच्याला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण पुण्यातली वहिनी आणि न्यू जर्सीतला दीर एकाच यादीत पावलं मोजत असतील, तर दोघांनी दुसऱ्या कंपनीचा बँड न घेण्याचं कारण तेवढंच असतं. ते कारण कंपनीने स्वतःच्या हाताने काढून टाकलं. ८ जुलै २०२४ ला वेबवरचा डॅशबोर्ड, म्हणजे ब्राउझरमध्ये नोंदी बघायचं पान, गेलं. वर्षभराचा आलेख मोठ्या स्क्रीनवर बघायची सवय असलेल्यांना आता फोनवरच बोटं फिरवावी लागतात. पुढच्याच महिन्यात गुगलने सांगितलं की नवं घड्याळ हवं असेल तर ते गुगलचं स्वतःचं पिक्सेल वॉच. सेन्स-वर्साची ओळ पुढे जाणार नाही.

बॅटरीचं प्रकरण वेगळं, पण भरवशाशी त्याचाही संबंध आहे. २०२३ च्या अखेरीस अपडेट घेतल्यावर चार्ज ५ ची बॅटरी काही तासांत संपते, अशी तक्रार बऱ्याच ग्राहकांनी केली. त्याला अपडेट कारणीभूत नाही, असं गुगलचं म्हणणं पडलं. कोणाचं खरं हा वाद बाजूला ठेवू. त्यातून झालं असं की लोक अपडेट आला की दचकू लागले. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीसाठी ही अवस्था वाईटच.

न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही आहे. शरीर आज व्यायामाला कितपत तयार आहे हे सांगणारा रोजचा रेडीनेस स्कोअर आधी प्रीमियमवाल्यांनाच, म्हणजे वर्गणी भरणाऱ्यांनाच, दिसायचा, तो २०२४ मध्ये मोफत झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात जेमिनी या गुगलच्या एआयवर चालणारा कोच चाचणीसाठी आला, पण तो अमेरिकेतल्या प्रीमियम ग्राहकांपासून. म्हणजे काम पूर्ण थांबलेलं नाही, ते दुसरीकडे वळलंय. ज्याने पाच वर्षांपूर्वी साधा बँड घेतला, त्याच्या वाट्याला मात्र मुख्यतः बंद झालेल्या गोष्टीच आल्या.

आणखी एक मुद्दा खात्याचा. जुनं फिटबिट खातं गुगल खात्यात हलवणं सक्तीचं केलंय. त्याची मुदत आधी २०२५ होती, मग २०२६ मध्ये ढकलली. न हलवलेल्या खात्यातला डेटा शेवटी पुसला जातो. आरोग्याचा डेटा जाहिरातींसाठी वापरणार नाही, हे युरोपीय आयोगाने दहा वर्षांसाठी अट म्हणून लिहून घेतलंय, पण ती अट युरोपातल्या ग्राहकांपुरती. आपल्याकडे कंपनीचा शब्द.

आता कामाचं. बँड वापरत राहा, पण इतिहासाची प्रत घरी आणा. खातं गुगलवर हलवलेलं असेल तर गुगल टेकआउट, म्हणजे आपला डेटा उतरवून घ्यायचं गुगलचं पान, उघडा, आधी सगळ्या खुणा काढा आणि फक्त फिटबिटवर खूण करा. नाहीतर फोटोंसकट शंभर जीबीचं गाठोडं येईल. झिप निवडा. एकदाच उतरवण्याऐवजी दर दोन महिन्यांनी, वर्षभर, हा पर्याय घ्या. सहा प्रती आपोआप तयार होतात. मात्र तयार होणं म्हणजे तुमच्याकडे येणं नव्हे. मेलमधली लिंक साधारण आठवडाभरच चालते, आणि नेमकं इथेच बहुतेकांचं राहून जातं.

झिप उघडल्यावर पावलं, नाडी, झोप यांच्या जेसन (साध्या मजकुराच्या) फाइल्स दिसतील. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे वेळ. पावलांची आणि नाडीची वेळ भारतीय नसते, ग्रिनिचची असते. सकाळी सहाची फेरी फाइलमध्ये ००:३० ला दिसते, आणि पहाटे पाचला निघणाऱ्याची फेरी तर आदल्या तारखेला २३:३० वर जाऊन बसते. प्रत्येक नोंदीत साडेपाच तास मिळवल्याशिवाय दिवसाची बेरीज ॲपशी जुळणार नाही. झोपेच्या फाइलमधली वेळ मात्र स्थानिक असते, तिच्यात मिळवू नका. दुसरं, तारीख अमेरिकी पद्धतीची: ०५/०६/२३ म्हणजे ६ मे, ५ जून नव्हे. एक्सेल ती गुपचूप उलटी वाचतं आणि बारा तारखेपर्यंत चूक कळतही नाही. तिसरं, वजन. तिथला आकडा पौंडांत असतो. सत्तर किलोच्या माणसाने १५४ बघून घाबरू नये, ०.४५३६ ने गुणावं.

नाडीची फाइल दिवसाला एक असते. प्रत्येक नोंदीत बीपीएम (मिनिटाला ठोके) आणि त्याच्या शेजारी विश्वासाचा ० ते ३ असा आकडा; ० असलेल्या नोंदी सरासरीतून काढून टाका, कारण पट्टा सैल असतानाचे आकडे बहुधा तेच. पाच-पाच सेकंदांनी नोंद धरली तर दिवसाला १७,२८० ओळी होतात. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ मावतात, म्हणजे दोन महिन्यांत शीट काठोकाठ. सगळी वर्षं एकत्र करायच्या भानगडीत पडू नका. आधी दिवसाची किमान, सरासरी, कमाल काढा आणि तेवढंच साठवा.

पुढच्या नोंदींसाठी अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट, म्हणजे निरनिराळ्या ॲप्सच्या आरोग्य-नोंदी एकत्र ठेवणारी सोय, जोडून ठेवा. अँड्रॉइड १४ पासून ते फोनच्या सेटिंगमध्येच मिळतं आणि डेटा फोनवर राहतो. मात्र त्याच्या भरवशावर जुना इतिहास सोडू नका, त्यासाठी टेकआउटच. धावणं-सायकल स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपला जोडा. झोप तिकडे जात नाही.

बंद करतानाही रीत असते, म्हणून दोन उदाहरणं. मायक्रोसॉफ्टने ३१ मे २०१९ ला आपल्या ‘बँड’ या मनगटी यंत्राची सेवा थांबवली, तेव्हा सक्रिय ग्राहकांना बँड २ चे १७५ डॉलर आणि पहिल्या बँडचे ७९.९९ डॉलर परत देऊ केले. दुसरं उदाहरण पेबल या स्मार्ट घड्याळांच्या कंपनीचं. २०१६ मध्ये फिटबिटने त्याची मालमत्ता घेतली, ३० जून २०१८ ला सेवा बंद केली. पण रिबल नावाच्या गटाने स्वतःचे सर्व्हर उभारून घड्याळं चालू ठेवली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गुगलने पेबलचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. फिटबिटच्या बँडसाठी असा दुसरा दरवाजा नाही.

मग घ्यावा का? झोप आणि पावलं एवढंच बघायचं असेल, सवलतीत मिळत असेल आणि दोन-अडीच वर्षांत पैसे वसूल झाले असं मानायची तयारी असेल, तर इन्स्पायर ३ घ्या. वर्सा किंवा सेन्स नवीन म्हणून कोणी देत असेल तर नको. ओळच संपलेली आहे. प्रीमियम घ्यायचंच तर महिन्याचं घ्या, वर्षाचं नाही. जुना बँड घेताना आधीच्या मालकाने तो समोर उभं राहून आपल्या खात्यातून काढलेला असावा. नोंदींची खरी मालकी हवी असेल तर गार्मिन कंपनीची घड्याळं बघा. महाग आहेत, आणि जुलै २०२० मध्ये सायबर हल्ल्याने त्यांची सेवाही काही दिवस बंद पडली होती. पण घड्याळातली मूळ नोंदींची फाइल (‘फिट’ प्रकारची) केबल लावून कॉम्प्युटरवर घेता येते, त्यामुळे त्या दिवसांतही धावणाऱ्यांच्या नोंदी हातात होत्या.

आधीच फिटबिट बांधून बसला असाल, तर टेकआउटची मागणी आजच टाका. झिप आली की पहिल्या आणि शेवटच्या महिन्याच्या, आणि मधल्या प्रत्येक वर्षाच्या एखाद्या महिन्याच्या फाइल्स उघडून बघा. मधलं एखादं वर्ष रिकामं दिसलं तर खातं चालू आहे तोवरच पुन्हा मागता येईल.