तरही गझलेचा ऑनलाइन गट: काही महिने लिहून आणि प्रतिसाद देऊन आलेला अनुभव

गझल शिकायची आहे आणि आसपास दाखवायला कुणी नाही, अशी तुमची स्थिती असेल तर तरही गझलेचा, म्हणजे दिलेल्या ओळीवर गझल लिहिण्याचा, एखादा नीट चालवलेला ऑनलाइन गट शोधा आणि निदान एक ऋतूभर तरी त्यात टिका. मी गेल्या पावसाळ्यापासून अशा एका गटात आहे. नोकरी सांभाळून लिहिणारे आम्ही सगळे हौशी लोक. रोजच्या वापरातल्या मेसेजिंग ॲपवर गट चालतो, फी नाही. प्रवेश ओळखीतून मिळतो आणि तिथलं लेखन बाहेर न्यायचं नाही असं ठरलेलं आहे, म्हणून गटाचं नाव लिहीत नाही. पण पद्धत सांगायला हरकत नाही. या गटाचं सगळं मोल त्या पद्धतीतच आहे.

रविवारी सकाळी संचालक एक ओळ देतात. ओळ सभासदांनीच पाळीपाळीने रचलेली असते. त्या ओळीची जमीन, म्हणजे वृत्त, काफिया (यमकाचा शब्द) आणि असेल तर रदीफ (काफियानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द), सांभाळून प्रत्येकाने किमान पाच शेरांची, म्हणजे दोन-दोन ओळींच्या पाच कडव्यांची, गझल लिहायची. दिलेल्या ओळीला स्वतःचा मिसरा, म्हणजे ओळ, जोडून एक शेर करायचा, ती गिरह. गुरुवार रात्रीपर्यंत गझला येतात. शुक्रवार-शनिवार फक्त प्रतिसादाचे. आणि इथे गटाचा सगळ्यात कडक नियम आहे: ज्या शेराबद्दल बोलायचं तो शेर आधी जसाच्या तसा उतरवायचा, मग त्याखाली लिहायचं. नुसतं ‘वा वा’, ‘क्या बात’, फुलं, टाळ्या या दोन दिवसांत चालत नाहीत. शिवाय दोघांच्या गझलांवर असं लिहिल्याशिवाय पुढच्या आठवड्यात आपली गझल टाकता येत नाही.

सुरुवातीला हा नियम जाचक वाटतो. नवे सभासद कुरकुरतात, काही सोडूनही जातात. पण शेर स्वतःच्या हाताने टाइप करताना तो वाचावाच लागतो. कुठे शब्द भरीचा आहे, कुठे ऱ्हस्व अक्षर दीर्घ ओढलंय, हे बोटांना आधी कळतं. मी ज्या गटांत आधी होते तिथे गझल पडली की दहा मिनिटांत पंचवीस जणांचे हात जोडलेले दिसायचे आणि तासाभरात कुणाचं तरी वाढदिवसाचं चित्र येऊन गझल वर सरकून जायची. इथे शनिवारी रात्री एखाद्या गझलेखाली चारच प्रतिसाद असतात, पण त्या चारांत गझल वाचली गेलेली असते.

एक नमुना देते. इतरांचं लेखन बाहेर आणता येत नाही, त्यामुळे माझी पाळी असताना मी दिलेली ओळ घेते:

तुझ्या अंगणी ऊन रेंगाळले

लगावली (लघू-गुरूंचा क्रम) लगागा लगागा लगागा लगा. यमक ‘ळले’ आणि त्याआधीचा न बदलणारा स्वर, म्हणजे अलामत, ‘आ’. टाळले, चाळले, जाळले, सांभाळले, ओशाळले, गंधाळले असे काफिये मुबलक आहेत. त्या आठवड्यात एका नव्या सभासदाने ‘किती खेळ होते, न मी खेळले’ अशी ओळ लिहिली. वृत्त चोख, यमक कानाला जुळलेलं. पण अलामत ‘ए’ झाली. अमरावतीकडच्या एका दादांनी ती ओळ उतरवून एवढंच लिहिलं, ‘ताई, खेळले आणि टाळले दोन्ही मोठ्याने म्हणा, ळच्या आधी तोंड किती उघडतंय ते बघा.’ अलामतीची व्याख्या वाचून जे महिनाभर डोक्यात शिरत नाही ते अशा एका वाक्यात शिरतं. कारण ते आपल्या स्वतःच्या, कालच लिहिलेल्या ओळीबद्दल असतं.

माझ्या गझलेचा मतला, म्हणजे पहिला शेर, असा होता:

तुझ्या अंगणी ऊन रेंगाळले
मला सावलीने पुन्हा टाळले

तो तसाच राहिला. तिसरा शेर मात्र गटातून बदलून आला. पहिला खर्डा:

जुनी सर्व पत्रे पुन्हा वाचली
उशाला तिचे मौन सांभाळले

फलटणच्या एका ताईंनी विचारलं की पत्रं वाचली तर मौन कुठलं? पत्रं तर बोलतात. दोन ओळींमधला राबता (संबंध) सुटतोय. दुसऱ्या एकाने ‘सर्व’वर बोट ठेवलं: हा शब्द अर्थासाठी आलाय की मात्रांसाठी? तिसऱ्या प्रतिसादात पत्रं न उघडण्याची कल्पना आली आणि ‘तिची बंद पत्रे न मी वाचली’ असा पर्याय आला. त्यावर ‘न मी’ ही जुनी वळणं आता नकोत, असं लगेच कुणीतरी म्हटलं. शनिवारी रात्री शेर असा झाला:

तिची बंद पत्रे तशी ठेवली
उशाला किती मौन सांभाळले

‘तशी’ हा साधा शब्द सगळं काम करतो, आणि ‘तिची’ वर गेल्यामुळे खालच्या ओळीत ‘किती’ला जागा झाली. हा शेर माझा आहे, तरी त्यात तिघांची नजर आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. अशा दुरुस्तीलाच उर्दू परंपरेत इस्लाह म्हणतात. मिर्झा गालिब दिल्लीत बसून हरगोपाल तफ्तांसारख्या शिष्यांच्या गझला पत्रांतून दुरुस्त करत असत, आणि ती पत्रं आजही वाचायला मिळतात. मराठीत सुरेश भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. आमच्या गटात नव्या माणसाला पहिल्या दिवशी तीच वाचायला सांगतात. १९२३ साली पुण्यात सुरू झालेल्या रविकिरण मंडळातले कवीही एकमेकांच्या कविता ऐकून त्यावर बोलत, आणि फार्सी गझलेची वृत्तं मराठीत रुजवणारे माधव जूलियन त्याच मंडळातले. म्हणजे आपण काही नवीन करत नाही. फरक इतकाच की चहाच्या टेबलाभोवती बसू शकणाऱ्यांपुरतं ते आता उरलेलं नाही. आमच्यात वणीचे एक शिक्षक आहेत, सावंतवाडीची एक परिचारिका आहे, न्यू जर्सीत राहणाऱ्या एक काकू आहेत. आपली रात्र असते तेव्हा त्यांची सकाळ, त्यामुळे शुक्रवारचा पहिला प्रतिसाद बहुतेक त्यांचाच.

वृत्ताबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नव्यांची सगळ्यात जास्त दमछाक तिथे होते. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं, हे सगळ्यांना शाळेपासून माहीत असतं. पण आघात आला तरच. ‘सत्य’मधला स गुरू, ‘तुझ्या’मधला तु लघूच. ‘पुन्हा’, ‘तुम्ही’, ‘जुन्या’ यांतही पहिलं अक्षर लघूच राहतं, कारण तिथे आवाजाला धक्का बसत नाही. नुसत्या जोडाक्षराकडे बघून मोजणारा माणूस किंवा यंत्र इथे हमखास चुकतं. वरच्या ओळीत ‘तुझ्या’ चुकीचं मोजलं तर पहिल्याच गणात वृत्त मोडल्यासारखं दिसतं. गटात ‘मोठ्याने म्हणा’ हे उत्तर सतत मिळतं आणि ते बरोबर आहे.

ऱ्हस्व-दीर्घावरून वाद होतात. शुद्धलेखनाच्या नियमांतच पद्यात वृत्तासाठी कवीला मोकळीक ठेवलेली आहे, त्यामुळे ‘आणि’चा णि दीर्घ केला तर तो गुन्हा होत नाही. तरी माझं मत असं की एका गझलेत एकदा घेतलेली सूट सवलत वाटते, तीनदा घेतली की आळस दिसतो. गटातले काही जण एकदाही सूट देत नाहीत. ते मला जरा अति वाटतं, पण त्यांच्या कडकपणामुळे माझी शब्दांची शोधाशोध वाढली, हेही खरं.

आवाजी संदेशांची सोय आम्ही उशिरा सुरू केली. आधी मजकूर, दुसऱ्या दिवशी आवाज, असा क्रम. गझल तहतमध्ये वाचायची, गाऊन नाही. गळा चांगला असला की मोडकी ओळही सुरात सावरली जाते आणि ऐकणाऱ्याला दोष कळत नाही, म्हणून तरन्नुमला, म्हणजे गाऊन वाचण्याला, शनिवारी रात्रीपर्यंत बंदी. वणीच्या सरांच्या वऱ्हाडी उच्चारात ऐकलेले शेर कागदावर वाचलेल्या शेरांपेक्षा वेगळे उतरतात. मुक्काम कुठे, जोर कुठे, हे त्यांच्या वाचनातून मी शिकले.

आता जे खटकतं ते.

पहिली आणि मोठी अडचण: जे मोजता येतं त्यावरच बोललं जातं. लगावली, अलामत, यती (ओळीतला विराम) यांवर दहा प्रतिसाद येतील. शेरात नवं काही म्हटलंय का, यावर दोन. एखादी गझल तंत्राने निर्दोष आणि आशयाने शिळी असेल, त्यात पुन्हा तोच चंद्र, तीच जखम, तेच मयखान्याचं वातावरण असेल, तर ती सुखरूप सुटते. उलट एका मुलीने ऊसतोडीच्या फडावरच्या आईबद्दल लिहिलेल्या शेरात एक मात्रा जास्त होती आणि सगळी चर्चा त्या एका मात्रेवर झाली. ती मात्रा काढायलाच हवी होती. पण कुणीतरी आधी ‘हे मराठी गझलेत फार कमी येतं, थांबू नकोस’ असं म्हणायला हवं होतं. ते काम नंतर काही जणींनी खासगीत केलं. ते उघड व्हायला हवं होतं, सगळ्यांसमोर.

दुसरी अडचण ज्येष्ठतेची. ‘सर’ म्हणून ज्यांना हाक मारली जाते त्यांच्या गझलेवर प्रश्न विचारताना माणसं वाक्याला तीन वेळा मखमल लावतात. संचालकांनी यावर एक चांगला उपाय केला. महिन्यातून एकदा सगळ्या गझला त्यांच्याकडे खासगीत जातात आणि ते त्या नावाशिवाय गटात टाकतात. त्या आठवड्यातले प्रतिसाद सगळ्यात धारदार असतात. माझ्या मते हे दर पंधरवड्याला करायला हवं.

तिसरी, नाव गळून पडण्याची. नियम असूनही गझला बाहेर जातात आणि फिरता फिरता कवीचं नाव जातं. कधी त्याजागी एखाद्या नामवंताचं नाव चिकटतं. आमच्यातल्या एकीचा मतला तिला तिच्याच सोसायटीच्या गटातून ‘अज्ञात’ म्हणून परत आला. लिहिणाऱ्यांनी एवढं माहीत करून घ्यावं की १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कविता लिहिली त्या क्षणापासून तिचा हक्क कवीचा असतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हक्क हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कवितेवर आपलं नाव असावं असा दावा करण्याचा वेगळा हक्कही कलम ५७ मध्ये आहे. कोर्टात कुणी जाणार नाही, पण ‘कृपया नाव लावा’ हे विनंती म्हणून न सांगता हक्काने सांगता येतं. व्यवहारात आम्ही शेवटच्या शेरानंतर मोकळी ओळ न सोडता लगेच नाव लिहितो, म्हणजे कॉपी करताना ते सोबत जातं. ज्यांना तखल्लुस (टोपणनाव) आहे त्यांचा मक्ता, म्हणजे ते नाव गुंफलेला शेवटचा शेर, हेच काम करतो, आणि हा मक्त्याचा जुना उपयोग मला इथे नव्याने पटला.

वेळ किती जातो? लिहिण्यापेक्षा प्रतिसादात जास्त. एका गझलेवर मनापासून लिहायला अर्धा तास सहज लागतो. ज्यांना फक्त आपलं लिहिलेलं दाखवायचं आहे त्यांना हा सौदा परवडणार नाही, त्यांनी मोठ्या उघड्या गटांत जावं. तिथे वाचक जास्त मिळतात. मला मात्र स्वतःच्या गझलेवर आलेल्या प्रतिसादांपेक्षा दुसऱ्यांच्या शेरांवर लिहिताना जास्त शिकायला मिळालं. सहा वेगवेगळ्या माणसांनी एकच काफिया कसा वापरला हे शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. ‘जाळले’ म्हटलं की पाच जण पत्रं जाळतात आणि एकजण शेतातलं पाचट जाळतो. तो सहावा शेर दिसला की आपण पहिल्याच सुचलेल्या अर्थावर का थांबलो, हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो.

मुक्तछंद लिहिणाऱ्यांना मात्र मी सध्या हा गट सुचवणार नाही. त्यांच्यासाठी मंगळवार ठेवला होता, पण ओळ उतरवून बोलायचा आमचा नियम तिथे लंगडा पडला, कारण मुक्तछंदातली कविता दोन ओळींत उचलता येत नाही, पूर्णच घ्यावी लागते. प्रतिसाद ‘छान’वर आले आणि मंगळवार बंद झाला. संचालकांना मी कळवलंय की तो पुन्हा सुरू करावा, आठवड्याला एकच कविता घ्यावी, आणि प्रतिसाद देणाऱ्याने ती कविता कुठे वळते ती जागा दाखवावी. होकार मिळाला आहे. दिवाळी अंकांची गडबड संपली की पहिली कविता सावंतवाडीची परिचारिका देणार आहे.