जुना कॉम्प्युटर आणि डिझाईनचं काम: जुनं व्हर्जन टाकू की फ्री सॉफ्टवेअर?

भाचीनं विचारलं, मामा, माझ्या विंडोज ७ वर नवं इलस्ट्रेटर (अॅडोबचं डिझाईनचं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलच होत नाही, मग त्याचं जुनं सीएस६ व्हर्जन शोधू की इंकस्केप (चित्रं-लोगोसाठी) आणि गिम्प (फोटोसाठी) ही फ्री सॉफ्टवेअर शिकू?

खर्च बघ आधी. सीएस६ २०१२ चं, कायमच्या लायसन्सवालं शेवटचं. ते आधीपासून विकत घेतलेलं असेल तर पुढे खर्च नाही. नसेल तर मात्र क्रॅकच्या (लायसन्स तोडलेल्या चोरीच्या कॉपीच्या) वाटेला अजिबात जाऊ नकोस, विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबलेत, त्यात असली फाईल चालवली की व्हायरस आलाच समज. इंकस्केप आणि गिम्प फुकटच आहेत, पण गिम्प ३ ला विंडोज १० लागतं, तुला २.१० च घ्यावं लागेल.

फाईलींचं खरं दुखणं आहे. समोरच्यानं नव्या इलस्ट्रेटरमधून पाठवलेली फाईल सीएस६ मध्ये नीट उघडेलच असं नाही, त्याला जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करायला सांगावं लागतं. इंकस्केप इलस्ट्रेटरची .ai फाईल उघडतं, पण ती पीडीएफ कम्पॅटिबल (आत पीडीएफपण ठेवून) सेव्ह केलेली असेल तरच, आणि छपाईसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) लागलं की सीएस६ बरंच पुढे आहे.

इलस्ट्रेटरची सवय असेल तर शिकायची मेहनत इंकस्केपला जास्त, शॉर्टकट बरेच वेगळे.

प्रेसला फाईल द्यायची असेल आणि लायसन्स हाताशी असेल तर सीएस६, फक्त ते मशीन नेटपासून लांब ठेव. नव्यानं शिकतेयस, लोगो-पोस्टर करायचेत, तर इंकस्केपच घे.