लिव्हर घट्ट लागतोय म्हणून कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी

बाबांचा पेंटॅक्स के-१००० हा फिल्मचा कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा तो बारा वर्षं कपाटात पडून होता. १९७६ ते १९९७ एवढा काळ हे मॉडेल बनत राहिलं. आत सगळं यांत्रिक, बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्याला. मला त्यावर आमच्या मालवणकडच्या जत्रांमधला दशावतार टिपायचा होता. या हंगामात तीन जत्रांचे फोटो आणि ४,७०० रुपये गेले. कसे गेले ते सविस्तर सांगते, कारण ज्या दुकानदाराने मला फिल्मचे रोल विकले तो अजून तसेच रोल विकतोय.

पाकीटबंद रोल महाग, म्हणून एका दुकानातून भरलेले पाच रोल घेतले. शंभर फुटांचं मोठं रीळ आणायचं, काळोखात तुकडे करून जुन्या डब्यांत भरायचे आणि निम्म्या भावात विकायचे. यात गैर काही नाही, पूर्वीचे फोटोवालेही रोल भरायचे. म्हणून मला शंका आली नाही.

पहिल्या जत्रेत चौदाव्या फोटोला फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर अर्ध्यावर थांबला. समोर संकासुर नाचत होता, मला घाई होती. अंगठ्याने रेटला. आतून करकर असा बारीक आवाज आला आणि लिव्हर एकदम सैल झाला. मला वाटलं सुटला. पहाटेपर्यंत फोटो काढत राहिले, आकडाही पुढे सरकत राहिला. रोल मुंबईहून धुऊन आला तेव्हा तेरा फोटो चांगले आणि उरलेली सगळी रात्र एकाच चौकटीवर काळी-पांढरी माखलेली. फिल्मच्या कडेची भोकं फाटली होती, त्यामुळे फिल्म ओढणाऱ्या चाकाच्या दातांना धरायला काही उरलंच नव्हतं.

कॅमेरा घेऊन त्याच दुकानात गेले, कारण जवळ दुसरं कोणी नव्हतं. त्याने त्याच्याकडचाच एक रोल आत घातला, लिव्हर ओढून दाखवला. "बघा वहिनी, किती जड जातोय. गिअर खाल्लाय खाऱ्या हवेनं." हे वाक्य मला लगेच पटलं, आणि तिथेच मी फसले. किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही पटेल. आपल्याकडे खिडकीचे गज, सायकलची चेन, पंख्याचे स्क्रू, काहीच टिकत नाही. अर्धी खरी असलेली गोष्ट सांगितली की पुढचं कोण विचारतो?

३,२०० रुपये, आठ दिवस. परत देताना त्याने रिकामा कॅमेरा दहा वेळा ओढून दाखवला, अगदी लोण्यासारखा. जुना गिअर म्हणून कागदात गुंडाळलेलं एक पांढरं प्लास्टिकचं चाक हातात ठेवलं. दुसऱ्या जत्रेत त्याचाच दुसरा रोल सोळाव्या फोटोला अडकला. पुन्हा गेले. आता "ऑइलिंग राहिलं होतं" म्हणून १,५०० घेतले. तिसऱ्या जत्रेतही तेच.

नंतर देवगडला एका काकांकडे गेले. त्यांचा तीस वर्षं स्टुडिओ होता, आता बंद आहे. त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि रिकाम्या कॅमेऱ्यावर लिव्हर ओढला, शटर दाबलं, पुन्हा ओढला. मग आपल्याकडचा एक मुदत संपलेला कंपनीचा रोल घालून ओढला. सुरळीत. मग माझ्या उरलेल्या दोन डब्यांपैकी एक मागितली आणि तिच्यातली फिल्म नुसती हाताने ओढली. दर फेऱ्याला ती अडत होती.

"कॅमेऱ्याक काय एक झालेला नाय गो. रोल घट्ट आसा."

सगळी फिल्म बाहेर काढून त्यांनी मोजली. छत्तीस फोटोंचा रोल साधारण साडेपाच फुटांचा असतो. ही सहा फुटांच्याही वर होती, कोंबून भरलेली. डबी किती वेळा वापरली होती कोण जाणे. तिच्या तोंडाची काळी मखमल झिजून गोळे झाली होती, त्यात वाळूचे कण. आणि ते पांढरं चाक पाहून काकांनी एका शब्दात सांगितलं, टेपरेकॉर्डरचं.

म्हणजे मला जड लिव्हर दाखवताना तो मुद्दाम त्याच्याच रोलवर दाखवत होता, आणि "दुरुस्त" झालेला कॅमेरा मुद्दाम रिकामा. हे त्याला कळत नव्हतं असं मी मानणार नाही. रोल विकायचा, अडकला की दुरुस्तीचे घ्यायचे, वर पुन्हा रोल विकायचा.

तुमचा लिव्हर जड लागत असेल तर कुणाकडेही जाण्याआधी रोल काढून घ्या, झाकण उघडं ठेवून, दर वेळी शटर दाबत, पाच-सहा वेळा ओढा. रिकामा हलका जात असेल तर दोष रोलमध्ये किंवा तो लावण्यात आहे. रिकामाही जड, खरखरीत जात असेल तर मात्र खरंच आत काहीतरी आहे: वाळलेलं ग्रीस, गंज, समुद्रावरची वाळू, कधी जुन्या फिल्मचा तुटलेला कपटा. ते काम खालची पट्टी उघडून साफ करून होतं. आणि ही चाचणी दुरुस्त करणाऱ्यासमोर करा, दोन्ही प्रकारे, देताना आणि घेतानाही.

तेलाचं वेगळं सांगते. १,५०० रुपयांत त्याने लिव्हरच्या फटीतून तेल सोडलं होतं, बहुतेक शिलाई मशिनचं. काकांनी भिंगाशी धरून दाखवलं, शटरच्या कापडी पडद्यावर त्याचा डाग उतरलाय. ते तेल पसरत जातं, धूळ धरतं. न बिघडलेल्या कॅमेऱ्याला आता खरोखर सफाई लागणार आहे. याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे. बाबांनी तो कॅमेरा चाळीस वर्षं जपला होता.

पैसे मागायला गेले तर बिल कुठे आहे म्हणाला. बिल मी घेतलंच नव्हतं.

त्याच्याकडचा रोल तुमच्या कॅमेऱ्यात आत्ता अडकलेला असेल तर लिव्हर रेटू नका. खालचं रिवाइंडचं बटण दाबून हळूहळू मागे गुंडाळा. तेही जड गेलं तर थांबा. रात्री खिडक्या बंद करून, लाल दिवासुद्धा न लावता, गोधडीखाली झाकण उघडा, फिल्म हातानेच काढून काळ्या पिशवीत गुंडाळा आणि धुवायला देताना तसं लिहून द्या. अडकेपर्यंतचे फोटो वाचतात. माझे पहिल्या रोलचे तेरा वाचले, त्यात गणपतीचं सोंग आहे.