गणिताचा डिटेक्टिव्ह संच: सातवीच्या वर्गात वापरून बघितला, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, गणितं सोडवत चोर शोधायचा हा संच घ्यावा असा आहे, पण आहे तसाच्या तसा वर्गात नेऊ नका. पाच क्लू आहेत, त्यातले दोन इतके भारी आहेत की तेवढ्यातच पैसे वसूल होतात, एक मुलांनी वाद घालून घालून चांगला केला, एक मी सरळ काढून टाकला आणि पाचव्याच्या उत्तरातच घोळ आहे. सविस्तर लिहिते कारण हल्ली असे संच खूप मिळायला लागलेत आणि वरून सगळे सारखेच दिसतात, कव्हरवर भिंग, टोपी, बुटांचे ठसे, आणि आत काय आहे ते पैसे भरल्याशिवाय कळत नाही.

मी पुण्यात मराठी शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. संच म्हणजे एक पीडीएफ आहे, ऑनलाइन पैसे भरले की डाउनलोड होते, मला साडेचारशेच्या आसपास पडली. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि मी जे सांगतेय ते असा कुठलाही संच घेताना उपयोगी पडेल. अप्पा बळवंत चौकात रंगीत प्रिंट काढून संशयितांची कार्डं तेवढी लॅमिनेट करून घेतली, बाकी कागद ब्लॅक अँड व्हाइटच काढले तरी चालतं.

मूळ गोष्ट परदेशातल्या एका बेकरीची आहे, इंग्रजीत, डॉलर आणि फूट-इंच सगळं तसंच. ते मी बदललं. आमच्याकडे गॅदरिंगच्या रात्री ऑफिसमधून फिरता चषक चोरीला गेला आणि संशयित आठ जण, मंडपवाला, साउंडवाला, केटरर, फोटोग्राफर, मेकअपवाल्या ताई, बसचा ड्रायव्हर, एक माजी विद्यार्थी आणि एक पालक. प्रत्येक क्लूने एक-दोघं सुटतात किंवा खोटे पडतात आणि शेवटी चोर उरतो, असा प्लॅन. चषकाचं नाव काढल्यावर वर्गात जी शांतता झाली ती बेकरीच्या रेसिपीने झाली नसती, हे नक्की. म्हणून पहिला सल्ला हाच की गोष्ट आपल्या मुलांची करून घ्या, त्यासाठी एक संध्याकाळ द्यावी लागते पण द्या.

आता चांगल्या गोष्टी. वॉचमनचा क्लू. दोन वॉचमन राउंड मारतात, एक दर १२ मिनिटांनी मागच्या गेटला येतो, दुसरा दर १८ मिनिटांनी, आणि रात्री ८ वाजता दोघं गेटला एकत्र होते. साउंडवाला म्हणतो मी साडेनऊला मागच्या गेटनी बाहेर पडलो, दोघं वॉचमन तिथेच उभे होते, त्यांना विचारा. बास, एवढंच दिलंय. लसावि काढा असं कुठेही लिहिलेलं नाही आणि मला हेच सगळ्यात आवडलं. बऱ्याच गटांनी आधी नुसते आकडे मांडले, ८.१२, ८.२४, ८.३६ असे, आणि खाली दुसऱ्याचे ८.१८, ८.३६, ८.५४, मग एका गटात कोणीतरी ओरडलं की बाई हे दर ३६ मिनिटांनीच भेटतायत. म्हणजे ८.३६, ९.१२, ९.४८. साडेनऊला फक्त १८ मिनिटंवालाच गेटवर असणार, १२ वाल्याची वेळ ९.२४ आणि ९.३६. साउंडवाला खोटं बोलतोय. लसावि आम्ही आधी शिकलो होतो, पुस्तकातली उदाहरणं पण सोडवली होती, पण तिथे शेवटी नुसतं उत्तर ३६ येतं आणि पुढचं उदाहरण सुरू होतं, इथे त्या ३६ मुळे एक माणूस खोटा पडला, आणि एरवी वहीत मान घालून बसणारी मुलगी उभी राहून सगळ्यांना पटवत होती की असं होऊच शकत नाही, का ते बघा.

दुसरा बिलाचा क्लू, आणि माझ्या मते संपूर्ण संचातला सगळ्यात विचार करून बनवलेला. दुकानाचं एक फाटलेलं बिल सापडतं, खालचा भाग शिल्लक आहे, त्यावर ५ टक्के जीएसटी धरून एकूण ८८२ रुपये. (मूळ संचात सेल्स टॅक्स आहे, आकडे मी बदलले पण रचना त्यांचीच.) चार जणांनी आपापल्या खर्चाच्या चिठ्ठ्या दिल्यात ज्यात टॅक्स न धरता रक्कम आहे, ८४०, ८३७.९०, ८७७ आणि ९२६.१०. ज्याची चिठ्ठी या बिलाशी जुळेल तो त्या वेळी दुकानात होता, म्हणजे तो सुटला.

आता बघा, ८८२ मधून ५ टक्के वजा केले की येतात ८३७.९०, आणि सातवीतली बहुतेक मुलं हेच करतात, दरवर्षी करतात. कोणी घाईत नुसते ५ रुपये वजा करतं, ते ८७७. कोणी वजा करायच्या ऐवजी अजून ५ टक्के मिळवतं, ते ९२६.१०. बरोबर उत्तर ८४०, कारण ५ टक्के हे मूळ रकमेचे आहेत, ८८२ चे नाहीत, ८८२ भागिले १.०५. म्हणजे प्रत्येक चूक एका वेगळ्या माणसाला सोडवते आणि चुकणाऱ्या मुलाला शंकासुद्धा येत नाही कारण त्याला जुळणारी चिठ्ठी समोर दिसतेय! पाच गटांपैकी तीन गट ८३७.९० ची चिठ्ठी देणाऱ्या मेकअपवाल्या ताईंना सोडून मोकळे झाले. मग मी काही न बोलता फळ्यावर लिहिलं की कुठल्या गटाने कोणाला सोडलं, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी चूक दाखवायची वेळच आली नाही, दुसऱ्या गटातल्या मुलाने सांगितलं की ८३७.९० चे पाच टक्के काढून परत मिळव बघू, ८८२ येतात का. काढले, ४१.८९५ आले, बेरीज ८७९ च्या पुढे कशीबशी गेली. नेहमी ताळा करा ताळा करा म्हणून मी घसा कोरडा करते, त्या दिवशी मुलांनी आपणहून ताळा केला.

संच घेताना हेच बघा, चुकीचं उत्तर आलं तर काय होतं. चुकल्यावर नुसतं "परत प्रयत्न करा" असेल तर ती वर्कशीटच आहे, फक्त टोपी घातलेली. चुकल्यावर चुकीचा माणूस अडकत असेल किंवा सुटत असेल तर त्या गणिताला काहीतरी अर्थ आहे.

आणि आता तो काढून टाकलेला क्लू, जो असल्या प्रत्येक संचात असतोच असतो. दहा समीकरणं, प्रत्येक उत्तराला एक अक्षर, दहा अक्षरांचा शब्द बनवा. समीकरणं वाईट नाहीत पण त्यांचा चोरीशी काहीही संबंध नाही, आणि मुलं चार अक्षरं आली की शब्द ओळखतात आणि उरलेली सहा गणितं कोणी बघतसुद्धा नाही. त्यात त्यांचा काय दोष, डिटेक्टिव्हने तेच करायचं असतं. मी हे पान काढून त्या जागी कापरेकरांचं कुलूप टाकलं. ऑफिसच्या कपाटाला चार अंकी कुलूप आहे, प्रत्येक गटाला वेगळी चार अंकी संख्या दिली (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच. २०२५ घेतलेल्या गटाचं असं झालं: ५२२० वजा ०२२५ म्हणजे ४९९५, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. दुसऱ्या गटाचं पण ६१७४. तिसऱ्याचं पण. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येतंच. मध्ये तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य धरायचं हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ९९९ वर गाडी अडते. मग सांगितलं की हे १९४९ साली द. रा. कापरेकरांनी शोधलं, देवळालीला शाळेत शिक्षक होते, आपल्या फर्ग्युसनला शिकलेले. सुट्टीत दोन मुलं अजून वेगवेगळ्या संख्या घेऊन वजाबाक्या करत बसली होती, सातवीतली मुलं, आपणहून वजाबाक्या!

फोटोग्राफरचा क्लू मध्यम आहे. तो पावणेनऊला ६ किलोमीटरवरच्या कार्यालयात होता हे नक्की, चोरी ९ ला झाली, पोचू शकला असता का. उत्तरपत्रिकेत लिहिलंय ६ किमी १५ मिनिटांत म्हणजे ताशी २४, दुचाकीला सहज शक्य, संशयित कायम. मी कार्यालय सिंहगड रोडला टाकलं आणि वर्गात नुसता गोंधळ, बाई त्या वेळेला शक्यच नाही, तर दुसरा म्हणतो आमचे पप्पा येतात की. मी म्हणलं ठीक आहे, सिग्नलला किती वेळ जातो ते धरा आणि मग बोला. ३ मिनिटं धरली तर उरलेल्या १२ मिनिटांत ६ किमी, ताशी ३०. ७ मिनिटं धरली तर ८ मिनिटांत, ताशी ४५. सरासरी वेग आणि काट्यावर दिसणारा वेग हे दोन वेगळे असतात हे त्यांना फार चांगलं समजलं, आणि हे संचात कुठेही नाहीये. पुढच्या वेळी सिग्नलची मिनिटं मी कागदावरच देणार आहे, नाहीतर या एका क्लूवर तास संपतो.

पाचवा क्लू, पावलाच्या ठशाचा, इथे माझी खरी तक्रार आहे. पावलाची लांबी उंचीच्या १५ टक्के असते असं देऊन २५.५ सेंमीच्या ठशावरून उंची काढायला सांगितलीय, उत्तर १७० सेंमी, आणि उंची १७० असलेला केटरर हा चोर. शेकडेवारीचं गणित म्हणून ठीक आहे. पण १५ टक्के हा ढोबळ आकडा आहे, आणि आमच्या मुलांनी लगेच फरशीवर खडूने एकमेकांची पावलं काढून पट्टीने मोजली. कोणाचं १४ टक्के आलं, कोणाचं १६. मग १४ धरलं तर तोच ठसा १८२ सेंमीच्या माणसाचा, १६ धरलं तर १५९ चा. आणि मंडपवाल्याची उंची कार्डावर १६५ आहे! म्हणजे तो सुटतच नाही. वर्गाने एकमताने सांगितलं की दोन जण उरतात, पुरावा अपुरा आहे, आम्ही नाव घेणार नाही. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. उत्तरपत्रिकेत मात्र ठामपणे केटरर. विकणाऱ्यांना मेल केला, पुढच्या आवृत्तीत बघू असं उत्तर आलं, अजून तरी फाइल तीच आहे. शेवटी दुसऱ्या दिवशी मी वॉचमनच्या वेळापत्रकावर मंडपवाल्याची एक खरी ठरणारी साक्ष लिहून आणली, तो सुटला आणि केस बंद झाली. पण हे शिक्षकाने का करायचं, पैसे देऊन घेतलेल्या संचात उत्तर पक्कं हवं, त्यातही गुन्हेगार ठरवायचा असताना.

वेळेचं गणित पण चुकीचं लिहिलंय, एका तासिकेत होतं म्हणतात. ३५ मिनिटांत दोन क्लूच्या वर होत नाही, जोड तास घ्या किंवा दोन दिवस ठेवा. गट चारचे करा, पाचवं मूल नुसतं बघत बसतं. आणि प्रत्येक क्लूला "कोण सुटलं आणि का" हे एका वाक्यात लिहून घ्या, संचात यासाठी जागाच नाहीये, मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं. ज्यांना आकडेमोड पटकन जमत नाही अशी काही मुलं ही वाक्यं फार सुंदर लिहितात हे मला त्या कागदांवरून कळलं, परीक्षेच्या पेपरातून ते कधीच दिसलं नसतं.

सहावीला द्यायचा असेल तर बिलाचा क्लू शेकडेवारी नीट झाल्यावरच. आठवीला दिलात तर वॉचमन तीन करा, तिसरा दर १५ मिनिटांनी, मग तिघं १८० मिनिटांनी एकत्र येतात. घरी एकट्या मुलासाठी घेऊ नका, वाद घालायला समोर कोणीतरी लागतं, सोसायटीतली चार मुलं जमवलीत तर चालेल. प्रिंट काढताना समीकरणांचं पान वगळा, ठशाच्या पानावर पेनने "साधारण" लिहा, आणि उत्तरपत्रिका वेगळ्या पाकिटात ठेवा कारण पीडीएफमध्ये ती शेवटच्या क्लूच्या अगदी मागच्या पानावर आहे आणि दोन्ही बाजूंनी प्रिंट काढली तर चोराचं नाव सरळ मुलांच्या हातात जातं.