‘अकिरा’च्या तीन डिस्क: काही महिन्यांच्या वापरानंतर

कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘अकिरा’ (१९८८) हा जपानी ॲनिमे चित्रपट गेले काही महिने मी तीन डिस्कवरून पाहतो आहे. २००१ ची अमेरिकन डीव्हीडी, २००९ ची ब्लू-रे आणि एप्रिल २०२० मध्ये जपानात निघालेला फोर-के अल्ट्रा एचडी संच अशा या तीन आवृत्त्या आहेत. कधी चित्रपट सलग पाहिला, तर कधी एकच प्रसंग तिन्हींवर पाठोपाठ लावला. टीव्ही ५५ इंची ओएलईडी आहे आणि आवाज रिसीव्हरमार्गे (स्पीकर चालवणाऱ्या यंत्रामार्गे) पाच स्पीकर व खोल आवाजासाठीच्या एका सबवूफरवर ऐकला आहे. टीव्हीतील हालचाल गुळगुळीत करणारी सोय सुरुवातीलाच बंद केली, कारण ॲनिमेत एकेक चित्र अनेकदा दोन-दोन चौकटी मुद्दाम धरून ठेवलेले असते आणि ही सोय त्या चौकटींच्या मध्ये कोणीही न काढलेली चित्रे घुसवते.

डीव्हीडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ७२० गुणिले ४८० बिंदूंचे चित्र मोठ्या पडद्यावर ताणले की रेषा जाड आणि कडा मऊ दिसणारच. मला अधिक खटकली ती हालचाल. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट अमेरिकी व जपानी टीव्हीच्या पद्धतीत बसवताना एक चौकट दोन फील्ड (अर्ध्या चौकटी) आणि पुढची तीन फील्ड दाखवली जाते, त्यामुळे कॅमेरा कथेतल्या निओ-टोकियो शहराच्या इमारतींवरून संथपणे सरकू लागला की पार्श्वभूमी बारीक झटके देत पुढे जाते. युरोपातील डीव्हीडीवर हे झटके नसतात, परंतु तिथे चित्रपट सुमारे चार टक्के जास्त वेगाने धावतो आणि आवाजाची पट्टीही सहसा तेवढीच वर चढते. संगीताला इतके महत्त्व असलेल्या चित्रपटाला तो सौदा मला परवडणारा वाटत नाही.

खरी तुलना ब्लू-रे आणि फोर-के यांच्यातच आहे. बिंदूंची संख्या चौपट झाली म्हणजे चित्र चौपट स्पष्ट होईल, अशी अपेक्षा ठेवून हा संच घेणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता आहे. सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक तावावर, रंगवलेली पात्रे पार्श्वचित्रावर ठेवून ३५ मिलिमीटर फिल्मवर टिपली जात, त्यामुळे चित्रकाराने रेघ जितकी बारीक काढली त्याहून बारीक ती कोणत्याही डिस्कवर दिसणार नाही. पात्रांच्या बाह्यरेषा ब्लू-रेवर पुरेशा स्वच्छ होत्या आणि फोर-केवर त्या मला किंचितच अधिक धारदार वाटल्या. फरक दिसतो तो पार्श्वचित्रांत. खिडक्यांच्या रांगांवरचे ब्रशचे फटकारे, भिंतींवरच्या रंगाचे थर, कागदाचा पोत या गोष्टी आता वेगवेगळ्या ओळखू येतात. फिल्मचा दाणाही (चित्रावर दिसणारे फिल्मचे बारीक कण) ठळक झाला आहे आणि सेलवर बसलेली धूळ अधूनमधून चमकून जाते. काहींना हा दोष वाटतो, मला वाटत नाही. दाणा काढून टाकणारी प्रक्रिया जोरात चालवली की त्याच्यासोबत ब्रशचा पोत आणि पातळ रेघाही पुसल्या जातात व चेहरे मेणाचे दिसू लागतात. जुन्या ॲनिमेच्या कितीतरी डिस्क या अतिस्वच्छतेपायी बिघडल्या आहेत. या संचासाठी ३५ मिलिमीटरच्या मास्टर पॉझिटिव्हवरून (निगेटिव्हवरून काढलेल्या फिल्म-प्रतीवरून) नव्याने फोर-के स्कॅन करण्यात आले आणि ती चूक टाळण्यात आली, ही मला त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र दोन्ही डिस्कमध्ये मोठे अंतर आहे. बहुतेक चित्रपट रात्री घडतो, आणि रात्रीचे इतके रंग मिसळून वापरलेला दुसरा सेल-ॲनिमे मी पाहिलेला नाही. नायक कानेदाची टोळी आणि क्लाउन्स ही प्रतिस्पर्धी टोळी यांच्यातील सुरुवातीच्या पाठलागात मोटारसायकलींच्या मागच्या दिव्यांच्या लाल रेघा हवेत रेंगाळतात. ब्लू-रेवर या रेघांचा गाभा जवळजवळ पांढरा होऊन जातो. फोर-केवर एचडीआर१० मुळे, म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणाऱ्या पद्धतीमुळे, तोच गाभा प्रखर असूनही लालच राहतो आणि रेघ विझत जातानाची छटा शेवटपर्यंत दिसते. ब्लू-रेवर प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात, अल्ट्रा एचडीवर १०२४, म्हणून प्रकाशाचा प्रचंड घुमट शहर गिळत जातो तेव्हा पांढऱ्यातून करड्याकडे जाणाऱ्या भागात रंगाचे पट्टे पडलेले दिसत नाहीत. जुन्या ब्लू-रेवर ते डोकावत होते, फिल्मच्या दाण्याने ते बरेचसे झाकले होते एवढेच. पूर्णपणे संगणकावर रंगवलेल्या नंतरच्या मालिकांत असा दाणा नसतो, म्हणून त्यांच्या आकाशांत हे पट्टे किती त्रास देतात हे पाहणाऱ्यांना ठाऊक आहेच.

तरीही एक इशारा देणे आवश्यक आहे. फोर-केचे चित्र एकंदरीत ब्लू-रेपेक्षा गडद आहे. दिवसाच्या उजेडात, पडदे न ओढता पाहिल्यास भुयारातील गोठणकक्षाचे प्रसंग नुसता काळोख वाटतात. घरातल्या दुसऱ्या, साध्या एलईडी टीव्हीवर हीच डिस्क लावली तेव्हा पडद्याच्या मर्यादित उजळपणामुळे एचडीआरचा लाभ जवळपास नाहीसा झाला आणि ब्लू-रेच अधिक जिवंत दिसली. असा टीव्ही असणाऱ्याने घाईने पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगांची मूळ छटा कोणती, हा प्रश्न ॲनिमेच्या डिस्कबाबत नेहमीच वादाचा असतो. ‘स्पिरिटेड अवे’च्या २००२ च्या जपानी डीव्हीडीवरील लालसर झाकेमुळे काही ग्राहक थेट न्यायालयात गेले होते, आणि ती झाक २०१४ च्या ब्लू-रेवर दूर झाली. ‘अकिरा’त इतके टोकाचे काही घडलेले नाही. नव्या डिस्कवर त्वचेचे रंग थोडे थंड आहेत आणि काळा रंग खऱ्या अर्थाने काळा आहे. ब्लू-रेची उबदार छटा ज्यांच्या डोळ्यांत बसली आहे त्यांना याची सवय व्हायला वेळ लागेल. मलाही लागला.

आता आवाज. संगीतकार शोजी यामाशिरो म्हणजेच त्सुतोमु ओहाशी हे शास्त्रज्ञही होते, आणि माणसाला ऐकू न येणाऱ्या, २० किलोहर्ट्झच्या वरच्या ध्वनींचाही श्रोत्याच्या मेंदूवर परिणाम होतो असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच विचारातून २००९ च्या ब्लू-रेवर जपानी आवाज १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला १,९२,००० नमुने), २४ बिट डॉल्बी ट्रूएचडी या ध्वनिपद्धतीत देण्यात आला. नव्या संचासाठी यामाशिरो यांच्या देखरेखीखाली ५.१ (पाच स्पीकर व एक सबवूफर) ध्वनी पुन्हा सिद्ध केला गेला आणि आकडे तेच ठेवले गेले. या आकड्यांचा घरी कितपत उपयोग होतो, याविषयी मी साशंक आहे. बहुतेक घरगुती स्पीकर २० किलोहर्ट्झच्या फार वर जात नाहीत, आणि खोलीनुसार आवाज दुरुस्त करणारी सोय चालू असली की अनेक रिसीव्हर नमुन्यांचा वेग आधीच खाली आणतात. मी ती सोय बंद करून आणि चालू ठेवून, दोन्ही प्रकारे ऐकले. ती चालू असताना सबवूफर खोलीत अधिक नीट बसतो आणि त्याचा फायदा मला कोणत्याही अतिध्वनीपेक्षा जास्त जाणवला.

नवे ध्वनिमिश्रण मात्र आकड्यांच्या पलीकडे जाऊन सरस आहे. मोटारसायकलींच्या प्रसंगातील बालीच्या बांबूच्या वाद्यांचे ठोके आधी समोरच्या स्पीकरांत एकमेकांवर चढत, आता प्रत्येक ठोक्याला स्वतःची जागा आहे. इस्पितळात खेळणी कानेदाचा मित्र तेत्सुओ याच्यावर चालून येतात तेव्हा मानवी आवाजांचे तुकडे चारही बाजूंनी येतात आणि त्यांच्या मधली शांतताही ऐकू येते. शीर्षक झळकताना होणारा मेघगर्जनेसारखा आघात इतका खोल आहे की फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने रात्री सबवूफर थोडा उतरवलेलाच बरा. संवाद मात्र तिन्ही डिस्कवर काहीसे कोरडे आणि अरुंद वाटतात. मूळ ध्वनिमुद्रण १९८०च्या दशकातले आहे आणि त्याहून अधिक मागणे योग्य नाही. ज्यांच्याकडे केवळ हेडफोन किंवा साउंडबार आहे, त्यांना दोन्ही मिश्रणांतला फरक ऐकू येईल, पण त्यासाठी नवी डिस्क घ्यावी इतका तो नाही.

परदेशातून मागवणाऱ्यांनी विभागांचा प्रश्न आधी तपासावा. ब्लू-रेसाठी जपान आणि अमेरिका ‘ए’ विभागात येतात आणि भारत ‘सी’ विभागात, त्यामुळे तिथली ब्लू-रे इथल्या प्लेअरवर चालेलच असे नाही. अल्ट्रा एचडी डिस्कना विभागांचे बंधन नाही, म्हणून फोर-के डिस्क कुठूनही मागवता येते. मात्र संचासोबत मिळणाऱ्या साध्या ब्लू-रेला ही सूट लागू नाही, आणि किमतीवर टपालखर्च व सीमाशुल्क चढते हेही हिशेबात धरावे लागते.